तेल असून वीज नाही : इराकच्या ऊर्जा क्षेत्राची पार्श्वभूमी

बसरा शहराच्या आसपास जमिनीखाली जगातले काही सर्वांत मोठे तेलसाठे आहेत. त्याच बसऱ्यात जुलै २०१८ मध्ये लोक विजेसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा पारा पन्नाशीच्या जवळ होता. इराकच्या शहरांत आजही गल्लीगल्लीत खासगी जनरेटर चालतात. मालक अँपिअरच्या हिशेबाने वीज विकतो आणि सरकारी वीज गेली की त्याच्या तारेवर घरातले पंखे फिरू लागतात. सद्दाम हुसेन यांची सत्ता जाऊन वीस वर्षं उलटली, अब्जावधी डॉलर खर्च झाले, तरी हे चित्र पुरतं बदललेलं नाही. याची कारणं शोधायला २००३ च्या बरंच मागे जावं लागतं.

वडोदऱ्यातल्या मराठी वाचकांना हा विषय परका वाटू नये. कोयलीची रिफायनरी, आयपीसीएल, ओएनजीसी, रेसकोर्सवरचं वीज मंडळ यांच्या नोकरीवर इथली कित्येक मराठी घरं उभी राहिली. शिवाय २०२२ नंतर रशियन तेलाची आयात वाढेपर्यंत इराक अनेक वर्षं भारताचा सर्वांत मोठा कच्च्या तेलाचा पुरवठादार होता. तिथला गोंधळ आपल्यापासून तितका दूर नाही.

इराकमध्ये तेलाचा मोठा फवारा उडाला तो ऑक्टोबर १९२७ मध्ये, किर्कुकजवळ बाबा गुरगुर इथे. त्याआधी दोनच वर्षं, १९२५ मध्ये, देशाच्या तेलाचा हक्क परदेशी कंपन्यांच्या एका गटाला देऊन झाला होता. हा गट पुढे इराक पेट्रोलियम कंपनी म्हणून ओळखला गेला. ब्रिटिश, डच-ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकन कंपन्यांचा प्रत्येकी २३.७५ टक्के वाटा, उरलेले ५ टक्के गुलबेंकियन या व्यापाऱ्याचे. ज्यांची जमीन, त्यांचा मालकीत वाटाच नव्हता. १९५८ च्या क्रांतीने राजेशाही गेली, ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेची स्थापना सप्टेंबर १९६० मध्ये बगदादलाच झाली आणि १९६१ च्या ८० क्रमांकाच्या कायद्याने कंपनीला दिलेल्या तेलहक्काखालचा ९९.५ टक्के प्रदेश सरकारने परत घेतला. चालू विहिरी मात्र कंपनीकडेच राहिल्या. १ जून १९७२ ला राष्ट्रीयीकरण झालं.

राष्ट्रीयीकरण निभावलं, कारण ते पेलणारी माणसं हळूहळू घडवली गेली होती. सरकारी तेल कंपनी १९६४ पासून होती. बसऱ्याजवळचं उत्तर रुमैला तेलक्षेत्र सोव्हिएत मदतीने उभं राहून १९७२ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. हा धागा आपल्या परिसरातूनही जातो. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं, कोयलीची रिफायनरी सोव्हिएत सहकार्याने बांधली गेली आणि १९६५ मध्ये तिचा पहिला भाग चालू झाला. परदेशी तज्ज्ञ आले, शिकवून गेले, कारखाना आपल्या लोकांच्या हाती राहिला. इराकी अभियंत्यांची त्या काळची पिढीही अशीच तयार झाली. १९७९ च्या सुमारास देशाचं उत्पादन रोज ३५ लाख पिंपांच्या घरात पोचलं होतं.

पुढच्या वर्षी इराणशी युद्ध जुंपलं आणि ते १९८८ पर्यंत चाललं. आखातातले निर्यात धक्के उद्ध्वस्त झाले, सीरियाने १९८२ मध्ये आपल्या हद्दीतली तेलवाहिनी बंद केली, मग तुर्कस्तानातल्या जेहान बंदराकडे जाणाऱ्या वाहिनीवर सारी भिस्त आली. हे सावरतं न सावरतं तोच कुवेतवरचं आक्रमण, ऑगस्ट १९९० चे संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आणि १९९१ चं युद्ध.

१९९१ च्या बॉम्बहल्ल्यांत वीजकेंद्रं ठरवून फोडली गेली होती. युद्धापूर्वी सुमारे ९,००० मेगावॅट क्षमता असलेल्या देशात तिचा फार थोडा अंश उरला. निर्बंधांमुळे सुटे भाग मिळत नव्हते, परदेशी कंपन्या नव्हत्या, पैसाही नव्हता. तरीही इराकी अभियंत्यांनी एका यंत्राचे भाग दुसऱ्याला जोडत काही महिन्यांत वीजपुरवठ्याचा मोठा भाग पुन्हा चालू केला. दुरुस्ती तात्पुरतीच होती आणि पुढची बारा वर्षं ती तशीच ओढत नेली गेली. १९९६ च्या अखेरीस अन्न आणि औषधांसाठी तेल विकू देणारी संयुक्त राष्ट्रांची ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ ही योजना सुरू झाल्यावर थोडाफार श्वास मिळाला. राजवट क्रूर होती याबद्दल दुमत नाही. पण त्या केंद्रांमध्ये रात्रंदिवस राबलेली माणसं राजवट नव्हती, आणि २००३ नंतर हा फरक ओळखला गेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडलं तेव्हा अमेरिकन सैन्याने तेल मंत्रालयाच्या इमारतीला पहारा दिला, बाकीची बहुतेक सरकारी कार्यालयं लुटली गेली. उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे पाडून तारांचा धातू विकला गेला. त्यानंतर १६ मे रोजी अमेरिकेने नेमलेले हंगामी प्रशासक पॉल ब्रेमर यांचा पहिला आदेश निघाला: सद्दाम यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरच्या सर्वांना सरकारी नोकरीतून काढा, आणि प्रत्येक खात्याच्या वरच्या तीन स्तरांवर पक्षाचा पूर्ण सदस्य असलेला कोणीही ठेवू नका. बढतीसाठी पक्षात नाव घालावं लागत होतं, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं? अशा आदेशाने अत्याचाऱ्यांबरोबर अनुभवी माणसंही घरी बसली. आठवड्याभरात सैन्य बरखास्त झालं. तेलवाहिन्यांची राखण करायला कोणी उरलं नाही आणि किर्कुक–जेहान वाहिनीवर घातपात होत राहिले.

तेलाचं त्यातल्या त्यात लवकर सावरलं. थामिर घधबान यांच्यासारखे सद्दामकाळापासून मंत्रालयात मुरलेले तंत्रज्ञ तिथे टिकून होते. तरी युद्धापूर्वीची, रोज सुमारे २५ लाख पिंपांची पातळी गाठायला चार-पाच वर्षं गेली. विजेचं मात्र रुतलं. २००४ च्या उन्हाळ्यापर्यंत ६,००० मेगावॅट देऊ, असं ब्रेमर प्रशासनाने जाहीर केलं, ते झालं नाही. अमेरिकेने वीज क्षेत्रासाठी सुमारे ५.५ अब्ज डॉलर मंजूर केले, त्यातला काही भाग पुढे सुरक्षेकडे वळवावा लागला. त्यातच पूर्वी बगदादला झुकतं माप देऊन प्रांतांना अंधारात ठेवलं जाई, ते बंद करून वाटप समान केलं गेलं. निर्णय न्याय्य होता, पण राजधानीतल्या माणसाला नव्या व्यवस्थेत पूर्वीपेक्षा कमी वीज मिळू लागली.

सर्वांत महाग पडली ती इंधनाची चूक. झटपट उभी राहतात म्हणून नैसर्गिक वायूवर चालणारी टर्बाइन्स घेतली गेली, पण त्यांच्यापर्यंत वायू पोचवायची सोयच नव्हती. मग त्यांत जड तेल, वेळप्रसंगी कच्चं तेलही जाळलं गेलं. अशा इंधनाने टर्बाइनची क्षमता घटते, पाती खराब होतात, देखभालीसाठी यंत्र वारंवार बंद ठेवावं लागतं. इकडे बसऱ्याच्या तेलविहिरींतून तेलासोबत येणारा वायू मशालींवर जळत राहिला. तो गोळा करणारी बसरा गॅस कंपनी शेल आणि मित्सुबिशीच्या भागीदारीत २०१३ मध्ये कामाला लागली. स्वतःचा वायू जाळणाऱ्या इराकने २०१७ पासून इराणकडून वायू विकत घ्यायला सुरुवात केली.

यंत्रं आणि इंधन मिळालं तरी वसुलीचा प्रश्न उरतो, आणि इथे वडोदऱ्याचा अनुभव सांगण्याजोगा आहे. १९६० मध्ये मुंबई राज्याचं विभाजन झाल्यावर गुजरात वीज मंडळ जन्माला आलं आणि त्याचं मुख्यालय आपल्या गावात आलं. नव्वदच्या दशकाअखेर मंडळ तोट्यात बुडालं होतं. १ एप्रिल २००५ पासून निर्मिती, पारेषण आणि वितरण वेगळं करून सात कंपन्या झाल्या. शेतीच्या आणि गावाच्या वाहिन्या ज्योतिग्राम योजनेत वेगळ्या झाल्या, त्यामुळे कुठे किती वीज जाते ते मोजता येऊ लागलं. जुना कर्मचारीवर्ग नव्या कंपन्यांत सामावून घेतला गेला. इराकमध्ये निर्माण होणाऱ्या विजेतली निम्मी किंवा त्याहून अधिक गळतीत, चोरीत आणि न भरलेल्या बिलांत जाते. वीज जवळजवळ फुकट, म्हणून बिल भरायची सवय नाही. आणि पुरवठाच बेभरवशाचा, म्हणून दर वाढवायची कोणत्याही मंत्र्याची छाती नाही. जून २०१० मध्ये बसऱ्यातल्या निदर्शनांनंतर वीजमंत्री करीम वाहिद यांना जावं लागलं.

तेलासाठी परकीय गुंतवणूक २००९ च्या लिलावांनी आणली. रुमैलाचं काम बीपी आणि चीनच्या सीएनपीसीने घेतलं, वाढीव उत्पादनाच्या दर पिंपामागे २ डॉलर मोबदल्यावर. तेलाची मालकी इराककडेच राहिली. त्या वर्षीच्या करारांची बेरीज रोज १.२ कोटी पिंपांवर जात होती. प्रत्यक्षात उत्पादन ४५ लाखांच्या आसपास थांबलं. २०१४ मध्ये दहशतवाद्यांनी बैजीच्या रिफायनरीला वेढा घातला आणि ती परत मिळेपर्यंत २०१५ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर तिची मोडतोड झाली होती.

तेल कोणी काढायचं, कोणी विकायचं, केंद्राने की प्रांताने, याचं उत्तर देणारा कायदा फेब्रुवारी २००७ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला, पण संसदेत तो कधीच संमत झाला नाही. २००५ च्या घटनेतली तेलविषयक कलमं बगदाद एका तऱ्हेने वाचतं, उत्तरेचा स्वायत्त कुर्दिस्तान प्रदेश दुसऱ्या. याच भांडणात किर्कुक–जेहान वाहिनी मार्च २०२३ मध्ये बंद पडली. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली, तीही दोन्ही बाजू आणि कंपन्या यांच्यातल्या तात्पुरत्या समझोत्यावर.