‘घोडचूक’ या शब्दामागचा वाद : माकपच्या धोरणचर्चेची पार्श्वभूमी

माकपने, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने, १९९६ मध्ये पंतप्रधानपद नाकारलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते कुणी नाकारलं आणि कशाच्या आधारावर, याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. नकार मध्यवर्ती समितीचा, म्हणजे दोन महाअधिवेशनांमधल्या काळातल्या पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचा होता आणि वादाच्या मुळाशी होतं पक्षाच्या कार्यक्रमातलं बत्तीस वर्षं जुनं एक कलम.

१९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात तेव्हाच्या एकसंध कम्युनिस्ट पक्षाने सशस्त्र उठावाची दिशा घेतली, तीन-चार वर्षांत ती सोडून तो निवडणुकीत उतरला. १९५७ मध्ये केरळात सरकार आलं, १९५९ मध्ये ते केंद्राने बरखास्त केलं. १९६४ मध्ये पक्ष फुटून भाकप (भारतीय कम्युनिस्ट पक्ष) आणि माकप वेगळे झाले. फुटीनंतर माकपने जो कार्यक्रम, म्हणजे ध्येयधोरणाचा मूळ दस्तऐवज, स्वीकारला, त्यातलं ११२ वं कलम केरळचा तो अनुभव गाठीशी ठेवून वाचावं लागतं. संधी मिळाली तर लोकांना तातडीचा दिलासा देणारी, माफक कार्यक्रमाची सरकारं आणावीत. पण अशा सरकारांनी देशाचे मूलभूत प्रश्न सुटतील असा भ्रम बाळगू नये, असा त्याचा मथितार्थ. १९६७ ची संयुक्त सरकारं आणि पुढे बंगालमधली चौतीस वर्षांची राजवट याच कलमाच्या आधाराने चालली. राज्यांचा प्रश्न त्याने सोडवला. केंद्राचा प्रश्न तेव्हा कुणापुढे नव्हताच.

तो १९९६ च्या मे महिन्यात अचानक समोर आला. लोकसभा त्रिशंकू, काँग्रेस बाहेरून पाठिंबा द्यायला तयार, आणि बिगर-काँग्रेस, बिगर-भाजप पक्षांच्या संयुक्त आघाडीने बंगालचे माकपचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांचं नाव पंतप्रधानपदासाठी पुढे केलेलं. मध्यवर्ती समितीत मतदान झालं आणि बहुमत सरकारात न जाण्याच्या बाजूने पडलं. मित्रपक्षांनी फेरविचाराची गळ घातली. समिती पुन्हा बसली, उत्तर तेच आलं. खुद्द सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजित सहभागाच्या बाजूचे होते, ज्यांचं नाव पुढे आलं होतं ते मुख्यमंत्रीही. तरीही तो नकार मित्रपक्षांपर्यंत पोचवायची वेळ त्याच सरचिटणिसांवर आली. लोकशाही केंद्रीकरण, म्हणजे चर्चा मोकळी पण एकदा झालेला बहुमताचा निर्णय सगळ्यांना बंधनकारक, हा शब्द पुस्तकात कोरडा वाटतो. त्याचा अर्थ त्या दिवसांत दिसला.

मुख्यमंत्री काही महिन्यांनी एका मुलाखतीत या निर्णयाला ‘ऐतिहासिक घोडचूक’ म्हणाले आणि तेव्हापासून तो शब्द वादाला चिकटला. माझ्या मते गोंधळ इथेच झाला. शब्द इतका ठसला की नकार म्हणजे पोथीनिष्ठांचा हट्ट, असंच सगळे धरून चालले. बहुमताचा मुद्दा सत्तेच्या सोवळ्याओवळ्याचा नव्हता, ताकदीचा होता. पक्षाचे खासदार होते ३२. आर्थिक धोरण ठरवण्याइतकं बळ नाही, सरकार काँग्रेसच्या मर्जीवर, आणि जबाबदारी मात्र पूर्ण आपली, हा तो हिशेब. संयुक्त आघाडीची दोन्ही सरकारं पुढच्या दीड वर्षात काँग्रेसनेच पाडली, हे त्या हिशेबाच्या बाजूने नोंदवायलाच हवं. विरुद्ध बाजूचं म्हणणंही हलकं नव्हतं : थोडे दिवस का होईना, वेगळा कारभार देशाला दाखवता आला असता. भाकप त्याच सरकारात गेला आणि त्याच्याकडे गृहखातं आलं. म्हणजे डाव्यांच्या परंपरेत दुसरं उत्तर उपलब्ध होतं.

१९९८ च्या कोलकाता महाअधिवेशनाने नकार योग्य ठरवला. तेवढ्यावर विषय मिटला असता. पण २००० मध्ये तिरुवनंतपुरमच्या विशेष अधिवेशनात कार्यक्रम अद्ययावत झाला तेव्हा सरकारांबद्दलच्या त्या कलमात ‘राज्यांत किंवा केंद्रात’ आणि ‘प्रत्यक्ष परिस्थितीनुसार’ हे शब्द आले. १९९६ चा निर्णय बरोबर होता, असं म्हणणाऱ्या पक्षानेच पुढच्या वेळेसाठी दार उघडं ठेवलं. माझ्या लेखी या साऱ्या वादातली सर्वांत बोलकी नोंद हीच.

ती पुढची वेळ २००४ मध्ये आली. खासदार ४३, तरी काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारला पाठिंबा देऊन पक्ष बाहेरच राहिला. या वेळी लोकसभेचं अध्यक्षपद मात्र स्वीकारलं. २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून पाठिंबा काढल्यावर लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जी यांनी पद सोडायला नकार दिला आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. २००९ मध्ये खासदार १६ वर आले. मग सत्तेत जायचं की नाही हा प्रश्न मागे पडला आणि कुणाबरोबर लढायचं हा पुढे आला. २०१६ मध्ये बंगाल शाखेने काँग्रेसशी जागांची जुळवाजुळव केली, तेव्हा हे आपल्या निर्णयाशी विसंगत असल्याचं मध्यवर्ती समितीनेच नमूद केलं.

२०१८ च्या जानेवारीत कोलकात्यात मध्यवर्ती समितीच्या बैठकीत तेव्हाचे सरचिटणीस सीताराम येचुरी यांचा राजकीय धोरणाचा मसुदा ३१ विरुद्ध ५५ मतांनी पडला. पुन्हा एकदा सरचिटणीस अल्पमतात. एप्रिलमध्ये हैदराबादच्या महाअधिवेशनात अधिकृत मसुदा आधीचे सरचिटणीस प्रकाश करात यांनी मांडला, तर येचुरींनी अल्पमताची बाजू. काँग्रेसशी ‘समझोता किंवा निवडणूक आघाडी’ नाही, असं मसुद्यात होतं. गुप्त मतदानाची मागणी जोर धरू लागली, तसा तोडगा निघाला : ‘समझोता’ गेला, ‘राजकीय आघाडी’ नाही, एवढंच उरलं. त्या एका शब्दाच्या गळण्याने संसदेतल्या सहकार्याला आणि राज्याराज्यांतल्या वेगळ्या डावपेचांना जागा झाली. २०२४ ची लोकसभा त्याच जागेत लढली गेली : बंगालमध्ये काँग्रेसच्या सोबत, केरळात काँग्रेसच्या विरोधात, आणि हाती आल्या ४ जागा.