देवांची बेदखल मुलं: ‘पर्सी जॅक्सन’ मालिकेची पार्श्वभूमी

रिक रायर्डन यांच्या ‘पर्सी जॅक्सन’ या मुलांसाठीच्या इंग्रजी कादंबरीमालिकेत ऑलिंपससाठीचं, म्हणजे ग्रीक देवांच्या घरासाठीचं युद्ध जिंकून झाल्यावर देवांचा राजा झ्यूस नायक पर्सीला, एका देवाच्या माणसापासून झालेल्या मुलाला, अमरत्व देऊ करतो. पर्सी तेव्हा नुकताच सोळा वर्षांचा झालेला असतो. ग्रीक पुराणांत हे भाग्य अगदी मोजक्या माणसांना लाभलं. हेराक्लीससारख्या वीरालासुद्धा ते चितेवर चढल्यानंतरच मिळालं. पर्सी मात्र नको म्हणतो. त्याऐवजी तो देवांकडून वचन मागतो, की माणसांपासून झालेली तुमची जेवढी मुलं आहेत, त्यांना तेरा वर्षांची होईपर्यंत ‘हे माझं मूल’ म्हणून ओळख द्या. ‘द लास्ट ऑलिंपियन’ या २००९ साली आलेल्या पाचव्या पुस्तकातला हा प्रसंग मला अख्ख्या मालिकेचा कणा वाटतो. राक्षस, जादूची तलवार, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची लढाई, सगळा खटाटोप अखेर या मागणीपाशी येऊन थांबतो. आणि ही मागणी काही एकविसाव्या शतकात सुचलेली नाही.

मालिकेचा जन्म घरातच झाला. रिक रायर्डन टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचे. बरीच वर्षं ते साधारण सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी आणि इतिहास शिकवत होते, आणि मोठ्यांसाठी रहस्यकथाही लिहीत होते; त्यातली पहिली १९९७ची. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असल्याचं निदान झालं. दुसरीतल्या त्या मुलाला शाळा नकोशी झाली होती. अभ्यासातली एकच गोष्ट त्याला मनापासून आवडायची, ती म्हणजे ग्रीक पुराणकथा. मग रात्री झोपताना वडील त्या सांगू लागले. ठेवणीतल्या गोष्टी संपल्या तेव्हा मुलाने हट्ट धरला, की याच देवांची नवी गोष्ट सांगा. वडिलांनी ती रचून सांगितली, आणि ‘आता ही लिहून काढा’ असंही मुलानेच सांगितलं. ‘द लायटनिंग थीफ’ २००५ साली प्रसिद्ध झालं, आणि पुढची चार पुस्तकं दर वर्षी एक अशी आली.

पर्सीलाही डिस्लेक्सिया आणि एडीएचडी आहे, हे त्यामुळे ओघानेच आलं. सहा वर्षांत सहा शाळांतून त्याला काढून टाकलेलं आहे. देवपुत्रांच्या छावणीत गेल्यावर त्याला कळतं, की इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात कारण आपला मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आहे, आणि वर्गात एका जागी बसवत नाही कारण अंगात रणांगणावरची चपळाई आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत एडीएचडी हे नाव १९८७ साली आलं. त्यानंतरच्या वर्षांत शाळांमध्ये ते सर्रास ऐकू येऊ लागलं, आणि रायर्डन वर्गात शिकवत होते तोही हाच काळ. शिक्षकांच्या शेऱ्यांत ‘लक्ष देत नाही’ एवढीच ज्याची ओळख असते, त्या मुलाला या पुस्तकाने नायकाच्या जागी बसवलं. वैद्यकीयदृष्ट्या त्या स्पष्टीकरणात काही तथ्य नाही, पण गोष्टीत ते फार चपखल बसतं. वीर हा आधी बिनकामाचा ठरलेला पोरगा असतो, हे पुराणांना नवं नाही.

बाजारही तयार होता. हॅरी पॉटरच्या पुस्तकांनी यादीतल्या वरच्या जागा इतक्या अडवून धरल्या होत्या, की ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००० साली मुलांच्या पुस्तकांसाठी खपाची वेगळी यादी सुरू केली. जुने देव आजच्या जगात उतरवण्याची युक्तीही रूढ होती. ब्रिटनमध्ये ॲलन गार्नर यांनी वेल्सच्या दंतकथा आणि डायना विन जोन्स यांनी नॉर्स देव विसाव्या शतकातल्या मुलांच्या आयुष्यात केव्हाच आणले होते. रायर्डन यांचं वेगळेपण या युक्तीत नाही. ते त्यांनी पुराणांतला कोणता धागा हाती धरला यात आहे.

तो धागा गैरहजर बापाचा. पर्सी हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, पण नाव झ्यूसच्या मुलाचं, पर्सियसचं. त्याची आई सांगते, की ज्यांची गोष्ट गोड झाली अशा थोड्या वीरांपैकी पर्सियस एक, म्हणून ते नाव ठेवलं. प्रत्यक्षात पर्सीचं आयुष्य जास्त जुळतं ते थीसियसशी. ट्रिझेनची राजकन्या एथ्रा हिच्याकडे एकाच रात्री अथेन्सचा राजा एजियस आणि पोसायडन असे दोघे आले, अशी कथा आहे. एजियस जाताना एका शिळेखाली आपली तलवार आणि चपला ठेवून गेला. पोरगा ती शिळा उचलण्याइतका मोठा झाला तर त्याने त्या घेऊन बापाकडे यावं. थीसियस मोठा झाला, शिळा उचलली, वाटेतल्या लुटारूंना मारत अथेन्सला पोचला. तिथे बापाने न ओळखता त्याच्यासमोर विषाचा पेला ठेवला. तलवार दिसली आणि जीव वाचला.

हा झाला माणूस-बाप. देव-बापाचं काय झालं ते बॅकिलिडीज या कवीच्या एका रचनेत आहे. शतकानुशतकं हरवलेल्या त्याच्या कविता इजिप्तमध्ये पपायरसवर सापडल्या आणि १८९६ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्या. क्रीटला निघालेल्या जहाजावर राजा मायनॉस थीसियसला डिवचतो, की पोसायडन खरंच तुझा बाप असेल तर ही अंगठी समुद्रातून काढून दाखव. आणि अंगठी पाण्यात फेकतो. थीसियस उडी घेतो. डॉल्फिन त्याला बापाच्या महालात नेतात, जलकन्या नाचत असतात, आणि पोसायडनची राणी अँफिट्राइटी त्याच्या अंगावर जांभळं वस्त्र घालते, डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवते. तो पाण्याबाहेर येतो तेव्हा अंग कोरडं असतं. पण बाप भेटत नाही. घर बापाचं, स्वागत सावत्र आईचं, आणि खुद्द पोसायडन कवितेच्या त्या प्रसंगात कुठेच नाही. ‘द लायटनिंग थीफ’मध्ये सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर पर्सी पाण्यात शिरतो तेव्हा एक जलकन्या त्याला तीन मोती देते. बाप तिथेही स्वतः येत नाही.

याहून थेट बोलतं ते ग्रीक नाटककार युरिपिडीजचं ‘आयॉन’ हे नाटक. अपोलो या देवाने क्रेऊसा या राजकन्येवर बळजबरी केली. तिने चोरून बाळाला जन्म दिला आणि गुहेत ठेवून आली. ते बाळ डेल्फीच्या मंदिरात वाढलं. नाटकाच्या सुरुवातीला हा पोरगा पहाटे मंदिराचा उंबरा झाडतोय, पूजेच्या वस्तू घाण करणाऱ्या पाखरांना धनुष्य दाखवून हुसकतोय. ज्या देवाची चाकरी करतोय तोच आपला बाप आहे, हे त्याला ठाऊक नाही. पुढे आई-मुलगा एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि टोपलीतल्या खुणांवरून ओळख पटते. शेवटी अपोलो येऊन सगळं मान्य करेल असं वाटतं, तर येते एथिना देवी. लोक जाब विचारतील म्हणून तो स्वतः आला नाही, असं तीच सांगते. पेटीत घालून नदीत सोडलेल्या कर्णाला ओळखणाऱ्या आपल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

रायर्डन यांच्या छावणीत हर्मीस या देवाच्या मुलांचं खोपटं सगळ्यात जास्त भरलेलं असतं, कारण ज्यांना कुठल्याच देवाने ओळख दिलेली नाही ती मुलंही तिथेच जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. मालिकेतला मोठा विश्वासघात करतो तो ल्यूकही याच खोपट्यातला, हर्मीसचा स्वतःचा मुलगा. त्याचा राग चुकीच्या वाटेने गेला, पण खोटा नव्हता, हे पर्सीला शेवटी पटतं आणि म्हणूनच तो ते वचन मागतो.

मुलांसाठी सांगितलेल्या ग्रीक कथांमधून हा राग मधल्या काळात पुसला गेला होता. अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी १८५१मध्ये ‘अ वंडर-बुक’ लिहिलं तेव्हा त्यांनी पुराणातल्या पहिल्या स्त्रीला, पँडोराला, लहान मुलगी करून टाकलं आणि मायडस राजाला एक लाडकी लेक दिली. हात लावताच सोन्याची होणारी ती मुलगी आज सगळ्यांना मूळ कथेतलीच वाटते. रोमन कवी ऑव्हिडच्या काव्यात ती नाही. पाचच वर्षांनी इंग्रज लेखक चार्ल्स किंग्जली यांनी आपल्या मुलांसाठी ‘द हीरोज’ लिहिलं. ही पुस्तकं सुंदर आहेत, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना या कथांची गोडी लावली. पण त्यांत देवांना कुणी खडसावून जाब विचारत नाही.

रायर्डन यांचा खरा हात दिसतो तो पर्सीच्या आईच्या कथानकात. मूळ कथेत पर्सियसची आई डॅनाई हिला तान्ह्या बाळासकट पेटीत घालून समुद्रात सोडतात. सायमोनाइडीज या कवीच्या उरलेल्या काही ओळींत ती त्या अंधाऱ्या पेटीत बाळाला थोपटते, म्हणते की बाळा झोप, समुद्रही झोपू दे, आपलं हे अपार दुःखही झोपू दे. दोघं एका बेटावर लागतात. तिथला राजा पॉलिडेक्टीज डॅनाईच्या मागे लागतो, आणि मुलाची अडचण नको म्हणून त्याला मेडूसाचं, जिच्याकडे पाहणारा दगड होतो त्या राक्षसिणीचं, डोकं आणायला पाठवतो. पर्सियस ते घेऊन परततो, राजाला दाखवतो, राजा दगड होतो.

मालिकेत पॉलिडेक्टीजच्या जागी गेब आहे. पत्ते खेळणारा, बायकोवर हात उगारणारा सावत्र बाप. पर्सीकडेही मेडूसाचं डोकं असतं आणि एका क्षणात प्रश्न मिटवता आला असता. पण तो ते डोकं ठेवलेली पेटी आईजवळ ठेवून निघून जातो, काय करायचं ते तिने ठरवावं म्हणून. पुढे तिचं पत्र येतं. गेब ‘बेपत्ता’ झालाय, आणि पत्ते खेळणाऱ्या माणसाचा एक दगडी पुतळा विकून आलेल्या पैशांत तिने नवं घर आणि कॉलेजची सोय केली आहे. डॅनाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. इथे आई स्वतः निर्णय घेते, आणि हा बदल मला मूळ कथेइतकाच भक्कम वाटतो.

मेडूसाच्या बाबतीत मात्र पहिलं पुस्तक तोकडं पडलं. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात, म्हणजे इ.स.पू. ७००च्या सुमारास, ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एकटी मर्त्य. पोसायडन तिच्याशी कुरणात, वसंताच्या फुलांत रत होतो, एवढंच तिथे येतं. तिचं डोकं उडवल्यावर धडातून पेगॅसस हा पंखांचा घोडा जन्मतो. एथिनाच्या मंदिरातला बलात्कार आणि मग शिक्षा म्हणून केसांचे साप, हे ऑव्हिडचं, सातशे वर्षांनंतरचं. रायर्डन यांनी पुस्तकात तिला पोसायडनची जुनी प्रेयसी म्हणून चार वाक्यांत उरकलं. डिस्ने प्लसवर डिसेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या मालिकेत, जिच्या घडणीत ते स्वतः होते, मेडूसाला आपली बाजू सांगायला वेळ दिला आहे. ही दुरुस्ती व्हायलाच हवी होती. पुस्तकांवर निघालेल्या २०१० आणि २०१३च्या चित्रपटांबद्दलची नाराजी लेखकाने कधी लपवली नाही. त्यातल्या पहिल्याने बारा वर्षांच्या नायकाला सरळ सोळाचा करून टाकलं होतं.

मालिकेतली एक कल्पना मला आजही खटकते. ऑलिंपस न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर का, तर पाश्चात्त्य संस्कृतीची ज्योत जिथे तेवते तिथे देव मुक्काम हलवतात, आधी ग्रीस, मग रोम, मग युरोपातले देश, आता अमेरिका. सत्ता जाईल तिकडे देव जातात, हा विचार जुन्या साम्राज्यांचा आहे आणि मुलांच्या पुस्तकात तो फारसा तपासला गेलेला नाही. शिवाय मालिकेचा खलनायक क्रोनॉस, बापाचं पुरुषत्व छाटून गादीवर बसलेला आणि मुलाच्या हातून पडलेला, त्याची कथा निव्वळ ग्रीक नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या हत्तुशा इथे हित्ती लोकांच्या मजकूर कोरलेल्या मातीच्या विटा सापडल्या, हेसिअडच्या कितीतरी शतकं आधीच्या. त्यांत कुमार्बी हा देव आकाशदेव अनूला तसाच छाटतो आणि पुढे वादळदेवाकडून हरतो. अभ्यासकांच्या मते ही कथा पूर्वेकडूनच ग्रीकांकडे आली.

पुढे रायर्डन यांनी इजिप्तच्या आणि नॉर्स देवांवरही मालिका लिहिल्या. वाचक विचारू लागले, आमच्या पुराणांवर कधी लिहिणार? त्या त्या परंपरेत वाढलेल्या लेखकांनीच ते लिहावं, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि आपल्या नावाने डिस्नेच्या प्रकाशनगृहात स्वतंत्र विभाग सुरू केला. मेसोपोटेमियाच्या देवांवरची कादंबरी तिथे सरवत चड्ढा यांनी लिहिली. पण विभागाचं अगदी पहिलं पुस्तक, मार्च २०१८चं, रोशनी चोक्षी यांचं ‘अरू शाह अँड दि एंड ऑफ टाइम’. अटलांटातल्या एका संग्रहालयात राहणारी बारा वर्षांची अरू वर्गातल्या मुलांसमोर भाव खाण्यासाठी शापित दिवा लावते, आणि स्वतःची आई सुद्धा जागच्या जागी थिजते. पांडव या जन्मी मुली होऊन आले आहेत: अरूमध्ये अर्जुनाचा आत्मा, मिनीमध्ये युधिष्ठिराचा, ब्रिनमध्ये भीमाचा. इंद्र, यमधर्म आणि वायू हे त्यांचे आत्म्याचे पिते. तेही लांबूनच एखादी भेटवस्तू पाठवतात, पर्सीच्या बापासारखेच. आणि ज्याच्याविरुद्ध या मुलींना लढायचं आहे तो निद्रिस्त शत्रू, सुयोधन, अरूचा या जन्मीचा सख्खा बाप आहे. तो घरी का नव्हता, हा प्रश्न अरू पाच पुस्तकं विचारत राहते.