मातीचं भांडं वापरताना: आमच्या ग्राहकांसाठी

तुम्ही नेत असलेली हंडी किंवा तवा भट्टीत साधारण 600 ते 900 अंश सेल्सिअसला भाजून निघाला आहे. मग तोच घरच्या गॅसवर का तडकतो, असं पुष्कळजण विचारतात. भट्टीत आच तासन्‌तास हळूहळू चढते आणि तशीच हळूहळू उतरते, त्यामुळे सगळं भांडं एकसारखं तापतं. गॅसवर मात्र बूड लगेच तापतं आणि काठ गारच राहतो. माती धातूसारखी भराभर उष्णता पसरवत नाही. तापलेला भाग फुगतो, गार भाग जागचा हलत नाही, आणि दोघांच्या ओढाताणीत चीर पडते. म्हणून भांडं कायम बारीक आचेवर चढवा. सात-आठ मिनिटांनी मध्यम केलीत तरी चालेल, पण ज्योत बुडाबाहेर येऊन कडेनं वर चढता कामा नये.

नवी हंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी निथळून सावलीत सुकवा, मग तांदळाची पातळ पेज काठाच्या थोडी खालपर्यंत भरून बारीक आचेवर अर्धा तास उकळा आणि भांड्यातच गार होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पेजेतला स्टार्च मातीच्या बारीक छिद्रांत बसतो.

पहिल्या काही दिवसांत हंडी बाहेरून ओलसर दिसली, तर ती फुटकी आहे असं समजू नका. आमच्या भांड्यांवर काचेचा मुलामा नसतो, त्यामुळे नवं भांडं थोडं पाझरतंच. दोन-चार वेळा आमटी-भात शिजला की पाझर कमी होतो. धार लागली किंवा एकाच जागी थेंब जमत राहिले, तर मात्र भांडं घेऊन या. बोटानं टिचकी मारून पाहा: चांगलं भांडं खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द.

तव्याचं गणित वेगळं आहे. तो कोरडाच हवा. आत ओल राहिली आणि तवा झटकन तापला, तर वाफेला वाट मिळत नाही आणि तवा फुटतो. धुतल्यावर उन्हात पूर्ण वाळवा. तवा तापला का हे बघायला पाणी शिंपडायची सवय पुष्कळांना असते, ती इथे सोडावी लागेल. चिमूटभर पीठ टाका, ते तांबूस झालं की भाकरी टाका. भाकरीला वरून पाणी फिरवायला हरकत नाही. खानदेशात पालथ्या खापरावर मोठाले मांडे भाजतात, तिथेही खापर आधी सावकाश तापवलं जातं.

स्वयंपाकात सगळ्यात आधी बदलायची गोष्ट म्हणजे गॅस बंद करायची वेळ. उतरवल्यावरही हंडीतली आमटी काही मिनिटं रटरटत राहते. भाजी थोडी कच्ची असतानाच गॅस बंद करून झाकण ठेवा. भाताला शेवटचं थोडं पाणी शिल्लक असतानाच बंद करा, तो आपोआप मुरतो. फोडणी लोखंडी कढल्यात करून वरून ओतावी, कारण रिकाम्या हंडीत तेल कडकडीत तापवणं नव्या हाताला जमत नाही. ढवळायला लाकडी डाव किंवा करवंटीची डवली घ्या.

चिंच, कोकम, टोमॅटो, ताक निर्धास्त घाला. कल्हई नसलेल्या पितळेसारखं इथे काही कळकत नाही. कोकण-गोव्यात माशाचं कालवण मातीच्या भांड्यात होतं ते उगाच नाही; दुसऱ्या दिवशी आटवलेली ‘कालची कोडी’ तर आवर्जून खाल्ली जाते. पण माशाचं भांडं वेगळंच ठेवा. माती वास धरते, आणि त्यात विरजण लावलंत तर पस्तावाल. दह्याला स्वतंत्र मडकं हवं: पाणी बाजूनं झिरपून उडून जातं, म्हणून दही घट्ट लागतं.

उतरवलेली हंडी गार ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवू नका. चुंबळीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा. फ्रिजमधून काढून थेट गॅसवर ठेवू नका, आणि गरम हंडीत गार पाणी ओतू नका. इंडक्शनवर ही भांडी तापतच नाहीत.

घासायला काथ्या आणि राख, किंवा कोमट पाणी आणि बेसन. साबण आणि भांड्यांची पावडर नको, कारण माती ती शोषून घेते आणि पुढच्या भाताला फेसाची चव येते. डिशवॉशरही नको. पावसाळ्यात भांडी झाकण लावून कपाटात कोंडू नका, बुरशी धरते. धरलीच तर उकळत्या पाण्यात मीठ घालून घासा, उन्हात वाळवा. बाहेरून पांढरट डाग उठले, तर ते पाण्यातले क्षार आहेत; ओल्या काथ्यानं निघतात.

मातीच्या भांड्यात जेवलं की मधुमेह जातो, असले दावे आम्ही करत नाही आणि कुणी केले तर विश्वास ठेवू नका, असंच सांगतो. चव आणि मंद शिजणं हे खरं आहे, तेवढ्यासाठी ही भांडी घ्यावीत. बाजारात चकचकीत रंगीत भांडी मिळतात, त्यांच्या मुलाम्यात शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. मुलामा कशाचा आहे हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर त्यात रांधू नका. आमच्या काळ्या हंड्या रंगवलेल्या नसतात. भट्टीची तोंडं बंद करून धूर आत कोंडला की माती तशी काळी होते.

बारीक चीर गेलेलं भांडं पुन्हा आचेवर चढवू नका, आणि गोंदानं सांधून तर मुळीच नाही. त्यात कांदे-लसूण ठेवा, किंवा बुडाला भोक पाडून कोथिंबीर पेरा.