गाठीचा तुकडा तपासायला देताना

गाठ लागली की पहिला प्रश्न एकच: साधी की कर्करोगाची? याचे उत्तर नुसते दाबून पाहून मिळत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे साधीच’ हा समज तर घातक आहे. कर्करोगाच्या गाठी सुरुवातीला बहुधा दुखत नाहीत; लाल, गरम आणि ठणकणारे असते ते बहुतेकदा गळू.

साधी गाठ सावकाश आणि जागच्या जागी वाढते. चरबीची गाठ किंवा स्तनातला फायब्रोॲडेनोमा अशा प्रकारचा. कर्करोगाच्या पेशी मात्र शेजारच्या भागात घुसतात, लसिकावाहिन्यांतून किंवा रक्तातून दूर जाऊन तिथे नवी गाठ धरतात. या दोन्हींच्या मधलेही काही असते: तोंडातला पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मोठ्या आतड्यातला ॲडेनोमा (आतड्याच्या अस्तरावरची वाढ). आज तो कर्करोग नाही, पुढे होऊ शकतो. शिवाय साधी म्हणजे बिनधोक असेही नाही. मेंदूच्या आवरणावरची साधी गाठ वाढून मेंदूवर दाब आणू शकते.

तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तिळाचा रंग, आकार किंवा कडा बदलू लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा. असा तीळ तपासणीशिवाय जाळून किंवा लेझरने काढू नका. तपासायला काही उरतच नाही, आणि तो मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, असेल तर किती खोल गेला होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

तुकडा आमच्या प्रयोगशाळेत येईपर्यंत

सुईच्या तपासणीत सुट्या पेशी मिळतात, बायोप्सीत, म्हणजे काढलेल्या तुकड्यात, पेशींची मूळ रचना दिसते. म्हणून सुईचा रिपोर्ट संशयास्पद किंवा अपुरा आला, तर तुकडा काढावा लागतो. ‘सुई टोचली की कर्करोग पसरतो’ ही भीती अनेकांना असते. तसे होणे फार दुर्मीळ आहे आणि निदान लांबवण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. वृषणाची गाठ हा ठळक अपवाद: कर्करोगाचा संशय असेल तर तिथे सहसा सुई न घालता जांघेतून छेद घेऊन वृषणच काढतात.

बहुतेक तुकडे 10 टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवतात. द्रव तुकड्याच्या निदान दहापट हवा: दोन मिलीलिटरच्या तुकड्याला 20 मिलीलिटर. बाटली रुंद तोंडाची घ्या. अरुंद तोंडातून कोंबलेला तुकडा घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही. सलाईनमध्ये किंवा कोरड्या कापसात ठेवलेला तुकडा काही तासांतच खराब होऊ लागतो. बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर बर्फाचे कण पेशी फोडतात. फॉर्मालिन तासाला साधारण एक मिलीमीटरच आत मुरते, त्यामुळे मोठी गाठ आम्हाला लगेच कापून ठेवावी लागते. ती उशिरा आली की मधला भाग कुजतो आणि नेमके तिथलेच निदान हुकते.

नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नको, कारण झाकणे बदलतात. सोबतच्या कागदावर तुकडा कोणत्या बाजूचा, कुठल्या जागेचा, आधी काय उपचार झाले हे हवेच. फॉर्मालिन विषारी आहे, वास घेऊ नका, मुलांपासून दूर ठेवा.

रिपोर्टला काही दिवस लागतात. तुकडा मुरवून, मेणात बसवून, तीन-चार मायक्रॉनचे काप काढून रंगवावे लागतात. हाडाचा तुकडा आधी मऊ करावा लागतो, म्हणून त्याला आणखी वेळ. विशेष रंगचाचण्या (पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून पाहणे) लागल्या तर तेवढे दिवस वाढतात.

रिपोर्ट आल्यावर

‘ग्रेड’ म्हणजे पेशी किती बिघडल्या आहेत. ‘स्टेज’ म्हणजे रोग किती पसरला आहे. दोन्ही वेगळे. कडा मोकळ्या आहेत का, हे आवर्जून पाहा. कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी असतील तर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागू शकतात.

साध्या गाठीवर अनेकदा फक्त लक्ष ठेवतात. वाढली, दाब आणू लागली किंवा निदानाची खात्री नसेल तर काढतात. कर्करोगात गाठीसोबत भोवतालचा निरोगी भागही काढावा लागतो: मेलानोमात त्वचेची 1 ते 2 सेंटिमीटर कड, जाडीनुसार. पुढे किरणोपचार, केमोथेरपी, संप्रेरकांवरची किंवा कर्करोगाच्या पेशींतल्या ठरावीक बिघाडावर नेमकी काम करणारी औषधे, यांतले काय द्यायचे ते स्टेज आणि रंगचाचण्यांवर ठरते. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर (पेशींवर संप्रेरकांचे ग्राहक आहेत का) आणि हर-2 (वाढीला चालना देणारे प्रथिन जास्त आहे का) या चाचण्यांचे निकाल आल्याशिवाय औषधांचा आराखडा पुरा होत नाही.

दुसरे मत घ्यायचे असल्यास नुसता रिपोर्ट पुरत नाही. स्लाइड आणि मेणाचा ठोकळा मागा, आम्ही ते नोंद करून देतो. काम झाल्यावर ठोकळा परत आणून द्या, पुढच्या चाचण्या त्याच्यावरच होतात.