प्रक्षेप्य गती : ‘जी’ धन घ्यायचा की ऋण?

तोफेचा गोळा आधी सरळ जातो, मग थोडा वळतो आणि शेवटी सरळ खाली पडतो, असे चित्र १५३७ साली इटलीत छापलेल्या एका पुस्तकात होते. गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथाने ते मोडीत काढले. आडवा वेग कायम, उभ्या दिशेने त्वरण, दोन्ही एकाच वेळी आणि एकमेकांना न अडवता. म्हणून मार्ग अन्वस्त (पॅराबोला). ४० आणि ५० अंशांना पल्ला सारखाच येतो, हेही तिथे सिद्ध केले होते. हवेचा रोध अठराव्या शतकात मोजला गेला, पण सुरुवातीच्या गणितांत तो आजही सोडूनच देतात.

त्या ग्रंथात गतीला उणे चिन्ह मात्र कुठेच नव्हते. सगळी मांडणी गुणोत्तरांची आणि भूमितीची होती. चिन्हे आली ती पुढे, बीजगणिती समीकरणांबरोबर. १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘जी’चे, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाचे, प्रमाण मूल्य ९८०.६६५ सेंमी प्रति सेकंद वर्ग असे ठरवले. हे नुसते परिमाण आहे. दिशा आणि चिन्ह गणित सोडवणाऱ्याने ठरवायचे.

इथेच पाठ्यपुस्तकांनी घोळ घातला. ‘वर फेकताना जी ऋण, खाली पडताना धन’ हा नियम अनेक पिढ्यांनी पाठ केला. सरळ वर जाणाऱ्या किंवा नुसत्या पडणाऱ्या चेंडूपुरता तो निभावतो. प्रक्षेप्य, म्हणजे तिरकी फेकलेली वस्तू, मात्र एकाच उड्डाणात वर जातो आणि खालीही येतो. मग चिन्ह मध्येच बदलायचे का? माझ्या मते हा नियम शिकवायलाच नको होता. त्वरण पूर्ण उड्डाणभर खालीच असते, अगदी शिखरावरही. तिथे फक्त वेगाचा उभा घटक शून्य होतो.

१५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू फेकला. वेगाचा उभा घटक वर १० आणि आडवा १२ मीटर प्रति सेकंद, ‘जी’ सोयीसाठी १०. वरची दिशा धन धरली, तर जमिनीपर्यंतचे विस्थापन उणे १५. ट हा सेकंदांतला वेळ धरला, तर उणे १५ = १०ट − ५ट², म्हणून ट = ३ किंवा उणे १. चेंडू ३ सेकंदांनी, ३६ मीटरवर पडतो. उणे १ लाही अर्थ आहे: हाच अन्वस्त मागे वाढवला, तर चेंडू फेकण्याच्या एक सेकंद आधी जमिनीवर असता. विस्थापन चुकून अधिक १५ लिहिले, तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि विद्यार्थी आकडेमोड तपासत बसतो. खरे तर चेंडू १५ मीटर वर जातच नाही, त्याची मजल फेकल्या जागेपासून ५ मीटरपर्यंतच.

पाठ केलेले पल्ल्याचे सूत्र इथे २४ मीटर देते, कारण ते फेकण्याची आणि पडण्याची पातळी एकच असेल तेव्हाच लागू पडते.