नरक्याचे लाकूड आणि द्रावकाचा प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरहून जांबोटी-कणकुंबीकडे जाताना सह्याद्रीचे दाट रान लागते. याच सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड वाढते, ज्याचे लाकूड तोडताच उग्र दुर्गंधी सुटते. कॅन्सरवरील काही औषधे ज्या द्रव्यापासून बनतात, ते कॅम्प्टोथेसिन या झाडात असते.

वनौषधीतील उपयोगी अंश कोणत्या द्रावकात (विरघळवणाऱ्या द्रवात) उतरतो आणि उष्णता सोसतो का, हा वनस्पतीतून औषध काढण्याच्या विद्येचा मूळ प्रश्न आहे. स्वरस (ताजा रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ (काढा), हिम आणि फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेले औषध) असे पाच प्रकार वेगळे मानणाऱ्या आयुर्वेदाला तो जाणवला होता, असे माझे मत आहे. क्वाथ उकळून आटवायचा आणि हिमासाठी मात्र औषध रात्रभर थंड पाण्यात भिजवायचे, हा भेद उगाच केलेला नाही. पाण्यात न उतरणाऱ्या अंशासाठी तेल-तूप होते, तर आसव-अरिष्टांत आंबवताना तयार होणारा मद्यार्कच द्रावकाचे काम करी. मात्र या सर्व कृतींतून हाती येई ते मिश्रणच.

एकच शुद्ध द्रव्य वेगळे काढण्याची वाट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधनिर्माते झेर्ट्युर्नर यांनी अफूतून मॉर्फिन हे वेदनाशामक काढल्यावर खुली झाली, आणि १८२० मध्ये सिंकोना झाडाच्या सालीतून हिवतापावरील क्विनीन मिळाले. आज औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसणारे सॉक्सलेट उपकरण, म्हणजे उकळत्या द्रावकाने पुन्हा पुन्हा अर्क काढणारे काचेचे उपकरण, १८७९ चे असून ते मुळात दुधातील स्निग्धांश काढण्यासाठी होते. उकळत्या द्रावकाची मर्यादा पुढे चीनमध्ये ठळक झाली: तेथील शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले, तेव्हाच हिवतापावरील आर्टेमिसिनिनचा अर्क खात्रीने गुणकारी ठरू लागला.

कॅम्प्टोथेसिनचा इतिहास आपल्याला अधिक जवळचा आहे. नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी अमेरिकेत एका चिनी झाडाच्या अर्काचे भाग पाडत, प्रत्येक भागाची ल्युकेमियाविरोधी क्रिया तपासत, १९६६ मध्ये हे द्रव्य वेगळे केले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून सत्तरीच्या दशकात रुग्णांना त्याचे विरघळणारे सोडियम लवण देण्यात आले. पण त्या रूपात रेणूतील लॅक्टोन नावाचे अणूंचे कडे उघडते, परिणाम घटतो, आणि दुष्परिणाम इतके गंभीर होते की चाचण्या थांबवाव्या लागल्या. द्रव्य नेमके कोणत्या विकरावर (पेशीतील क्रिया घडवणाऱ्या एन्झाइमवर) काम करते हे १९८५ मध्ये उलगडल्यावर रस पुन्हा जागा झाला आणि १९९६ मध्ये टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही त्याची सुधारित रूपे अमेरिकेत मान्य झाली.

नरक्यातही हेच द्रव्य असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवले होते. मागणी वाढताच सह्याद्रीतील झाडे मुळासकट जाऊ लागली, कारण मुळांत आणि सालीतही ते साठलेले असते. ही हानी मला फार अस्वस्थ करते. म्हणूनच ऊतिसंवर्धनाचे (प्रयोगशाळेत झाडाच्या पेशी वाढवण्याचे) आणि झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीपासून हे द्रव्य मिळवण्याचे प्रयोग महत्त्वाचे आहेत. २००६ मध्ये प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झालेली आणि आज राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था बेळगावातच आहे, आणि हे रान तिच्यापासून फार दूर नाही.