ग्रेट झिंबाब्वे

ग्रेट झिंबाब्वे : आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील झिंबाब्वे या देशातले मध्ययुगीन दगडी नगर. मास्विंगो शहराच्या आग्नेयेस सुमारे ३० किमी.वर त्याचे अवशेष पसरले आहेत. क्षेत्र सुमारे ७२० हेक्टर. अकराव्या ते पंधराव्या शतकांत शोना लोकांच्या पूर्वजांनी ते वसवले आणि वाढवत नेले. शोना भाषेत ‘द्झिंबा द्झा माब्वे’ म्हणजे दगडांची घरे. अशा दगडी वस्त्या या पठारावर बऱ्याच आहेत, त्यांतली सर्वांत मोठी ही, म्हणून ‘ग्रेट’. १९८० साली स्वतंत्र झालेल्या देशाने नाव घेतले ते इथलेच. १९८६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

आफ्रिकेचा इतिहास शिकवायला घेतला की वर्ग बहुधा पिरॅमिडपाशी सुरू होतो आणि एकदम गुलामांच्या जहाजांवर जाऊन पोचतो. मधली शतके कोरीच राहतात. ती भरायला सुरुवात करायची असेल तर हे नगर सोयीचे, कारण इथे इतिहासाबरोबर तो नाकारला कसा गेला हेही दाखवता येते.

अवशेषांचे तीन भाग मानतात : टेकडीवरचे बांधकाम, खाली मोठे आवार आणि दोहोंमधल्या खोऱ्यातली घरे. मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे २५० मी. लांब, काही ठिकाणी ११ मी. उंच आणि तळाशी सुमारे ५ मी. रुंद आहे. तिच्यात चुना नाही, मातीचा गिलावाही नाही. कोकणात कुंपणाला गडगा रचतात तशी ही नुसती दगडावर दगड ठेवून केलेली रचाई. फक्त गडगा छातीपर्यंत येतो, ही भिंत तिमजली इमारतीएवढी आहे. आसपासच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांचे पापुद्रे उन्हाने आणि थंडीने आपोआप सुटतात. विस्तव पेटवून तापवले की ते आणखी सहज निघतात आणि विटेसारखे फोडता येतात. आतली जुनी भिंत ओबडधोबड, तर नंतरच्या बाहेरच्या भिंतीचे थर सुतात, वर नागमोडी नक्षीचा पट्टा. कारागिरांचा हात बसत गेला, तो असा समोर दिसतो. या दोन भिंतींमधली वाट काही ठिकाणी इतकी चिंचोळी आहे की माणसांनी एकामागून एकच जावे. ती जिथे पोचते तिथे सुमारे १० मी. उंचीचा शंकूसारखा बुरूज आहे. तो आतून भरीव आहे. धान्याच्या कणगीशी त्याचा आकार जुळतो, म्हणून राजाच्या अन्नदातेपणाचे ते चिन्ह असावे असा एक तर्क आहे.

या भिंतींवर छप्पर कधीच नव्हते. माणसे राहत ती मातीच्या गोल, गवताने शाकारलेल्या घरांत. भिंती त्या घरांभोवतीचा आडोसा. त्या लढाईसाठी बांधलेल्या दिसत नाहीत. राजघराण्याचे वेगळेपण आणि दबदबा राखणे हे त्यांचे काम असावे. लोकसंख्येचे अंदाज दहा हजारांच्या आतपासून अठरा-वीस हजारांपर्यंत जातात.

नगराचा पैसा गुरांचा आणि सोन्याचा. पठारावरचे सोने हिंदी महासागरावरच्या सोफाला बंदरात उतरे आणि तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्वा या व्यापारी बेटामार्गे पुढे जाई. बदल्यात आलेला माल उत्खननांत सापडला : चिनी भांडी, इराणी खापरे, भारतीय काचमणी आणि किल्वाच्या सुलतानाचे एक नाणे.

पंधराव्या शतकात नगर ओस पडत गेले आणि सत्ता उत्तरेकडे मुतापा राज्याकडे सरकली. नेमके कारण सांगणे कठीण. चराई, लाकूडफाटा आणि बदललेले व्यापारमार्ग यांचा विचार अभ्यासक करतात. याच मुतापा दरबारात १५६० साली गोव्याहून निघालेला जेझुइट धर्मप्रचारक गोंसालो द सिल्व्हेरा पोचला. त्याने राजाला बाप्तिस्माही दिला आणि पुढच्याच वर्षी त्याच राजाच्या हुकमाने मारला गेला.

१८७१ मध्ये जर्मन प्रवासी कार्ल माउख इथे आला. दाराच्या लाकडाचा वास आपल्या पेन्सिलीसारखा येतो, तेव्हा ते लेबनॉनचे देवदार आणि हा बायबलमधल्या शीबाच्या राणीचा वाडा, असे त्याने ठरवले! वास्तविक लाकूड तिथल्याच झाडाचे होते. पुढे ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या वसाहतवाल्यांना हा तर्क फारच मानवला. जमीन पूर्वी परक्यांचीच होती असे म्हटले की ती घेण्याचा संकोच उरत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड हॉल याने ‘नंतरच्या आफ्रिकनांची घाण’ म्हणून वरचे थर उपसून टाकले, आणि खरा पुरावा त्या थरांतच होता. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर याने बांधकाम आफ्रिकन आणि मध्ययुगीन असल्याचे दाखवले. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-टॉमसन हिने आधी कोणी न उकरलेल्या जमिनींखाली खणून तेच पक्के केले. तिने शंकूच्या बुरुजाखालीही खणून पाहिले, खजिना नव्हता. तरीही १९६५ नंतरच्या गोऱ्या ऱ्होडेशियन राजवटीत (ऱ्होडेशिया हे या देशाचे तेव्हाचे नाव) हे उघड सांगणे अडचणीचेच राहिले. स्मारकांचा अधिकारी, पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक याला १९७० मध्ये देश सोडावा लागला.

अवशेषांत, बहुतेक टेकडीवर, शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेले आठ पक्षी मिळाले. चोच पक्ष्याची, पण काहींना ओठ आहेत आणि पायाची बोटे माणसाची. पूर्वजांचे निरोप नेणारा गरुड, असा एक अर्थ लावतात. हाच पक्षी आज राष्ट्रध्वजावर आहे. मूळ पक्षी मात्र पांगले होते. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने चार परत दिले, ते कीटकांच्या एका संग्रहाच्या बदल्यात. एका पक्ष्याचा खालचा अर्धा भाग बर्लिनच्या संग्रहालयात गेला होता. तो २००३ मध्ये येऊन वरच्या अर्ध्याला मिळाला.